फुफ्फुसाच्या रजिस्ट्रीत नाव देऊ नका म्हणे!

नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: 'छातीच्या डॉक्टरांनी रजिस्ट्रीचा फॉर्म पुढे केला तर सही करू नका. पेशंटवर औषधांचे प्रयोग करतात, फायदा परदेशी कंपन्यांचा, आणि तुमची माहिती विमावाल्यांकडे.'

प्रयोगाचं आधी. रजिस्ट्री म्हणजे एका आजाराच्या रुग्णांची नोंदवही, तीत औषध दिलंच जात नाही. डॉक्टर एरवी जे उपचार करणार तेच करतात. फक्त तुमचं वय, काम, घरात चूल की गॅस, स्पायरोमेट्रीत किती फुंकलंत, सीटी स्कॅनमध्ये काय दिसलं आणि काही महिन्यांनी काय बदललं, हे ठरलेल्या पद्धतीने लिहून ठेवतात. औषधाची चाचणी वेगळी, तिचं संमतीपत्रही वेगळं. मेसेजवाल्याने दोन्हींची खिचडी केलीय.

आता परदेशी फायदा. 2012 ते 2015 दरम्यान भारतातल्या 19 शहरांतल्या 27 केंद्रांनी आयएलडीच्या, म्हणजे फुफ्फुसाला सूज येऊन व्रण धरणाऱ्या आजारांच्या, 1084 रुग्णांची नोंद केली. पाश्चात्त्य पुस्तकांत त्यातल्या आयपीएफचा, म्हणजे कारण न सापडता फुफ्फुस कडक होत जाणाऱ्या आजाराचा, बोलबाला. इथे तो 14 टक्क्यांच्या आसपास निघाला. 47 टक्के रुग्णांना होता हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस: बुरशी, पक्ष्यांची विष्ठा असलं काही श्वासातून जात राहिल्याने होणारा. आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी आलेला! एप्रिल-मेमध्ये सिडकोतल्या खिडक्यांना लटकतात तेच कूलर. गेल्या वर्षीचंच वाळ्याचं पॅड, टाकीच्या तळाला बुळबुळीत हिरवा थर, वरून नुसतं पाणी ओतायचं. लंडनच्या डॉक्टरला हा प्रश्न विचारायचं सुचलं असतं का? कूलरनेच आजार झाला, हे मात्र अशा नोंदींवरून सिद्ध होत नाही. कूलर घरोघरी असतात. पण कुठे शोधायचं ते कळलं.

ब्राँकिएक्टॅसिसचंही, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या रुंदावून त्यांत कफ साचत राहणाऱ्या आजाराचंही, तसंच. 2195 भारतीय रुग्णांच्या नोंदींत सर्वांत मोठं कारण निघालं जुना टीबी. 'टीबीचा कोर्स पूर्ण झाला, पण खोकला आणि बेडका काही जात नाही' म्हणणारी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. युरोपच्या आकड्यांत ती कुठून सापडणार?

विम्याची भीती मला अगदीच फोल वाटत नाही. म्हणून सहीआधी विचारा: नावाऐवजी कोड नंबर आहे का? माहिती कोण बघणार? एथिक्स कमिटीची मंजुरी आहे ना? उद्या नाव काढायचं म्हटलं तर? धड उत्तर मिळालं नाही तर खुशाल नकार द्या. उपचार त्यावर अडता कामा नयेत.

रजिस्ट्रीवर खरा आक्षेप घ्यायचा तर वेगळाच आहे, आणि मेसेजमध्ये तो नाही. नोंद होते ती तज्ज्ञापर्यंत पोचलेल्यांचीच. सुरगाणा-पेठकडची, उभा जन्म चुलीपुढे काढलेली आजी दम लागला तरी गावातल्याच गोळीवर दिवस ढकलते. तिच्याकडे फॉर्म जातच नाही.