एक युरोची कंपनी आणि किराण्याची यादी

जर्मनीत कंपनी काढायला किती पैसे हाताशी हवेत, यावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया लिहिली आहे. तिची सुरुवात अशी: 'ताई, कंपनीचं बजेट म्हणजे किराण्याची यादी नव्हे. जर्मनीत एक युरोत कंपनी निघते, आणि तुम्ही पन्नास हजार युरोंचा आकडा दाखवून मराठी पोरांना घाबरवताय.' पुढे त्यांचे चार आक्षेप आहेत. 'गेएमबेहा' या नेहमीच्या मर्यादित दायित्वाच्या कंपनीला लागणारं 25,000 युरोचं भागभांडवल हा खर्च नाही, लेखातल्या खर्चाच्या तक्त्यात उत्पन्नाचा रकाना नाही, भारतातून पैसे आणण्याबद्दल अक्षर नाही, आणि व्यवसाय नोंदणीचं शुल्क चुकलं आहे.

शेवटचा आक्षेप आधी मान्य करते. ते शुल्क मी सरसकट 60 युरो लिहिलं होतं. प्रत्येक गावाचा दर वेगळा असतो आणि बऱ्याच ठिकाणी तो कमी आहे. चूक माझी.

आता ते 'ताई'. आमच्याकडे ताई मानाने म्हणतात. समोरच्या बाईला गप्प बसवायचं असलं की त्याच शब्दाला जो सूर लागतो, तो मी पुष्कळ ऐकलाय. लेखाखाली पुरुष लेखकाचं नाव असतं तर 'दादा, ही किराण्याची यादी नव्हे' असं तुम्ही लिहिलं असतंत का?

आणि किराण्यात कमीपणा कसला? मी श्टुटगार्टजवळ किराणाच विकते. कांदा-लसूण मसाला, कोकम, ज्वारीचं पीठ. मिरजेला माझी आई दर महिन्याच्या एक तारखेला वाणसामानाची यादी करायची. तेल, तूरडाळ, गूळ, आणि सगळ्यात खाली 'आलं-गेलं' अशी एक ओळ. पाहुणा आला, कुणी आजारी पडलं, तर त्यासाठी. त्या एका ओळीमुळे आमच्या घरी महिनाअखेर उसनवारी झाली नाही. माझ्या तक्त्यातली 'तीन महिने काहीच विकलं गेलं नाही तर' ही ओळ तिच्याच यादीतून आली आहे. तुम्हाला ती भीती वाटली. ती भीती नाही, हिशेब आहे.

तुमच्या त्या एक युरोबद्दल मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण याच वाक्याने मी स्वतः फसले होते. कमी भांडवलाची ही 'ऊगे' कंपनी 2008 पासून कायद्यात आहे, आणि कायद्याने ती खरंच एक युरोत निघते. पण नोटरीशिवाय नोंदणी होत नाही, आणि नोटरी व नोंदणी न्यायालय या दोघांचंही बिल येतं. ज्या छापील मसुद्यावर बहुतेक लोक स्वस्तात सही करतात, त्यात स्पष्ट लिहिलंय की स्थापनेचा खर्च कंपनी 300 युरोपर्यंत उचलेल, पण भांडवलाच्या रकमेपलीकडे नाही. म्हणजे एक युरोची कंपनी त्या बिलातला एक युरो भरणार आणि उरलेलं सगळं तुम्ही. बँकेने खात्याचं पहिलं मासिक शुल्क कापलं की कंपनी उणे.

मी 2016 साली 1,000 युरोंवर ऊगे काढली. गोदामाच्या मालकाने नावापुढचा 'मर्यादित दायित्व' हा शब्द वाचला आणि माझ्या नवऱ्याची वैयक्तिक हमी मागितली. दायित्व मर्यादित राहिलं ते कागदावर. मग मिरचीपुडीचे पहिले दोन पॅलेट न्हावाशेव्याहून हॅम्बुर्गला आले आणि तपासणीसाठी अडकले. भारतीय मिरचीत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, आहे का, हे युरोपात बघतात. माल शेवटी पास झाला, पण तोवरचं साठवणुकीचं भाडं रोज चढत होतं, आणि ज्यांनी दिवाळीसाठी मागवला होता त्यांनी दुसरीकडून घेतला.

चौथ्या महिन्यात माझ्या श्टॉयरबेराटर बाईंचा, म्हणजे करसल्लागारांचा, फोन आला. कंपनीची देणी मालमत्तेपेक्षा जास्त झाली होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तीन आठवड्यांत पैसे घाला, नाहीतर दिवाळखोरीचा अर्ज करा, आणि केला नाहीत तर संचालक म्हणून तो तुमचा गुन्हा ठरतो, असं त्यांनी सांगितलं. मिरजेच्या घराचं छत दुरुस्त करायला आम्ही 8,000 युरो साठवले होते. ते कंपनीला कर्जाऊ दिले आणि सोबत लिहून दिलं की माझं येणं सगळ्या देणेकऱ्यांच्या मागून. आईने तो पावसाळा परातीत गळतं पाणी धरून काढला. मला तिने हे सांगितलंही नाही, शेजारच्या काकूंकडून कळलं.

म्हणून पन्नास हजार. त्यात नोटरी आहे, करसल्लागार आहे, गोदामाची अनामत आहे, पाकिटं विकण्याआधीची वेष्टन-नोंदणी आहे. नोकरी सोडल्यावर आरोग्य विम्याचा मालक भरायचा तो निम्मा हप्ताही आपल्यालाच भरावा लागतो, तो आहे. यातली कुठली ओळ खोटी आहे, हे तुम्ही एकदाही लिहिलं नाहीत.

बाकीच्या मुद्द्यांबद्दल थोडक्यात. भांडवल खर्चात धरत नाहीत हे वहीपुरतं बरोबर आहे. मी लेख वहीसाठी लिहिला नव्हता, खिशातून किती काढावे लागतील यासाठी लिहिला होता. 'गेएमबेहा'च्या नोंदणीला निम्मे, 12,500, भरून भागतं, पण उरलेल्याचं देणं तुमच्यावर राहतंच. उत्पन्नाचा रकाना ज्याचा त्याने भरावा, तुमच्या गिऱ्हाइकाचा अंदाज मी कसा सांगू? भारतातून पैसे आणणं हा वेगळा विषय आहे. गुंतवणुकीसाठी आर्थिक वर्षात 10 लाखांवर पाठवलेत की वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कापलेला कर, घेते, तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकतो. आज इतकंच.

तुम्ही स्वतः कंपनी काढली आहे की काढणार आहात, हे प्रतिक्रियेत कुठेच नाही. काढली असेल तर पहिल्या वर्षाचे आकडे इथे लिहा, मी ते लेखात तुमच्या उल्लेखासह घेईन. व्यवसाय नोंदणीची ओळ आज रात्री दुरुस्त करते. 25,000 ची ओळ आहे तिथेच राहील.