आरोपीच्या आईला कोण सांगणार?

आमच्या मावशीचा मुलगा वयाने 24, समज आठ-नऊ वर्षांच्या पोराची. गल्लीतल्या पोरांनी चोरीचा मोबाईल त्याच्या हातात दिला. पोलीस आले, बाकीचे पळाले, हा तिथेच उभा. न्यायालयीन कोठडी मिळाली. खटल्याचं कोर्ट बघेल. मला मावशीबद्दल बोलायचंय.

तुरुंगातल्या पहिल्या मुलाखतीला, म्हणजे भेटीला, मी सोबत होतो. काचेपलीकडे तो बोलत सुटला होता, पण रिसिव्हर कानाला लावायचा असतो हेच त्याला कळेना. शेवटी शेजारच्या कैद्याने तो त्याच्या कानाशी धरला. पहिलं वाक्य, "आई, माझी गोळी?" फिटच्या गोळ्या मावशीच्या पिशवीतच होत्या, गेटवर घेतल्या नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हातात धरून ती या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरली. कारागृहाच्या डॉक्टरांच्या नावे अर्ज लिहून ही कागदपत्रं जोडायची, हे तिला सांगितलं रांगेतल्या एका बाईने. तिचा नवरा आत आहे.

तोवर वकिलाच्या फीपायी मावशीच्या बांगड्या गेल्या होत्या. विधी सेवा प्राधिकरण म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा. तिच्या 1987 च्या कायद्यात कोठडीतल्या माणसाला आणि दिव्यांगाला मोफत वकील आहे, उत्पन्नाची अट न लावता. जामीन होऊनही जामीनदाराअभावी माणूस सात दिवसांत सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलंय. जामिनाचे पैसे नसलेल्या गरीब कच्च्या कैद्यांसाठी, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेल्यांसाठी, केंद्राची पैशांच्या मदतीची योजनाही आहे. पण हे घरच्यांना सांगणार कोण?

"गुन्हेगारांच्या घरच्यांचे कसले लाड?" असं काही जण म्हणतील. अहो, देशातल्या दर चार कैद्यांपैकी तिघांचा खटला अजून निकालीच निघालेला नाही. आणि मावशीवर तर कसला गुन्हाही नाही!

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कारागृहाच्या मुलाखत कक्षाबाहेर विधी सेवा प्राधिकरणाचा एक स्वयंसेवक रोज बसवा. अर्ज लिहून देईल, आजाराचे कागद आत पोचवेल, पुढची तारीख सांगेल. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून कैदी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी काम करतोय, म्हणजे हे जमण्यासारखं आहे. पण सगळा भार एखाद्या संस्थेवर का? हे सरकारचंच काम आहे.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर दागिने मोडायच्या आधी विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. औषधाच्या चिठ्ठीची झेरॉक्स वकिलाकडेही देऊन ठेवायला सांगा.