131 वा नंबर आणि वहिनींचे फुनके

चोपड्यात स्टँडजवळच्या टपरीवर काल रात्री नाना तापलेलाच आला. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमची 2025ची यादी मोबाईलवर उघडी. "भो, स्त्री-पुरुष समानतेत बांगलादेश 24 वा अन् आपण 148 देशांत 131 वे? हे खरं धरायचं?"

मी म्हटलं, ते मोजतात कसं ते बघ. शिक्षण, आरोग्य, कमाई आणि राजकारण. राजकारणात मागच्या 50 वर्षांत देशाच्या प्रमुखपदी बाई किती वर्षं होती, हेही धरतात. तिकडे पंतप्रधानपदी खालिदा झिया आणि शेख हसीना यांची मिळून जवळपास 30 वर्षं भरतात. आपल्याकडे त्यात इतरांबरोबर आपल्या जळगावच्या माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांची 5 वर्षं आहेत. शिवाय ही यादी फक्त फरक बघते. बाईला 200 अन् गड्याला 200 मजुरी दिली, की पैकीच्या पैकी मार्क. दोघांना 500 दिले तरी तेवढेच.

"मग फेकून दे ना ती यादी!"

इथे मात्र मी भांडलो. त्याच यादीत जन्माला येणाऱ्या मुलींचं प्रमाण आहे, आणि तिथे आपण मार खातो. 2011च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे मुली होत्या 842. ती गणती आपल्याच गुरुजींनी दारोदार फिरून केली. ती कुठे फेकायची?

टपरीवर बसलेला भाऊ म्हणाला, बाळंतपणात दगावणाऱ्या बायका धरतात का? धरतात, संयुक्त राष्ट्रांच्या वेगळ्या निर्देशांकात. पण दोन्हीकडे वेळेचा रकाना नाही, आणि माझं खरं दुखणं तेच आहे. सरकारच्याच 2024च्या पाहणीत घरकामात बाईची रोजची 289 मिनिटं जातात, पुरुषाची 88. तीही जे पुरुष घरकाम करतात, त्यांचीच.

नानाकडे काल फुनके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके होते. वहिनी सकाळी डाळ भिजत घालून कापूस वेचायला गेल्या. संध्याकाळी परत येऊन डाळ वाटली, मुटके वळून वाफवले, कढी केली, चुलीवर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी टाकल्या. नाना जेवून इकडे आला तेव्हा त्या भांडी घासत होत्या, त्यानेच सांगितलं.

मोबाईल खिशात घालून तो बोटांवर हिशेब करायला लागला. डाळ वाटायला अर्धा तास, भाकरींना पाऊण...

"पाणी भरायचं राहिलं," भाऊ म्हणाला.

नानाने पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली.