ब्रेक दाबण्याची इच्छा

लीड्समधल्या एका गजबजलेल्या गोल चौकाकडे मी ताशी 30 मैलांच्या वेगाने निघालो होतो, आणि शेजारी बसलेले माझे ड्रायव्हिंगचे शिक्षक, चहात साखर किती घालू असे विचारावे त्या स्वरात म्हणाले, "यू माइट वाँट टु ब्रेक हिअर." मला इथे ब्रेक दाबण्याची इच्छा होण्याचा संभव आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. मी प्रामाणिकपणे मनाचा तळ ढवळून पाहिला, पण तिथे तशी काही इच्छा आढळली नाही. पुढच्याच क्षणी त्यांनी आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी खिळली, उजवीकडून आलेली दुमजली बस आमच्या नाकासमोरून निघून गेली, आणि ते तितक्याच शांतपणे म्हणाले, "आय डिड से."

सांगलीत मला जीप शिकवणारे काका अशा प्रसंगी नुसते "ब्रेक!" असे ओरडत आणि मग सावकाशीने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत. त्यात व्याकरण फारसे नसे, पण संदिग्धताही नसे. भारतातला परवाना ब्रिटनमध्ये पहिले 12 महिनेच चालतो, त्यामुळे वीस वर्षे गाडी हाकूनही मी पुन्हा लाल 'एल'ची पाटी लावून शिकाऊ झालो होतो. गाडी मला येत होती. शिकायचे राहिले होते ते इंग्रजांचे साहाय्यक क्रियापद.

आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत हा विषय पाढ्यांसारखा घोटून घेतला होता. 'कॅन'चा भूतकाळ 'कुड', 'मे'चा 'माइट', 'शॅल'चा 'शुड' आणि 'विल'चा 'वुड'. 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' या प्रश्नात मी कधी अर्धा गुणही गमावला नव्हता. त्या बळावर इथल्या ऑफिसात आलो, आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांनी "कुड यू सेंड मी दॅट फाइल?" असे विचारले, तेव्हा "येस, आय कुड" असे सविनय सांगून पुन्हा कामाला लागलो. दुपारी ते पुन्हा आले. या खेपेला त्यांनी "वुड यू माइंड?" अशी सुरुवात केली. मी "नो" म्हणालो. त्याच सुमारास बाजूच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने भुकेने व्याकूळ होऊन "आय कुड मर्डर अ करी" असे जाहीर केले. हा माणूस एकेकाळी रश्श्याचा खून करू शकत होता आणि आता वयोमानाने ती ताकद राहिलेली नाही, असा शालेय अर्थ मी लावला आणि त्याच्याविषयी मला कणव वाटली.

हळूहळू एक नियम माझ्या ध्यानात आला, जो कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत. इंग्रजीत क्रियापद जितके लेचेपेचे, तितका हुकूम कडक असतो. 'यू माइट वाँट टु' म्हणजे आत्ताच्या आत्ता कर. 'यू मे विश टु रीकन्सिडर' असे साहेबांनी लिहिले, की तुमचा प्रस्ताव केराच्या टोपलीत गेला असे समजावे. उलट 'मस्ट'सारखा छाती पुढे काढून आलेला शब्द घरगुती बोलण्यात बहुधा पोकळ निघतो. आमच्या शेजारच्या आजींनी पहिल्याच भेटीत माझा हात हातात घेऊन "यू मस्ट कम राउंड फॉर सपर" असे सांगितले. एवढी सक्ती पाहून मी पत्नीला त्या आठवड्यात बाहेरचे कोणतेही बेत ठरवू दिले नाहीत. या गोष्टीला आता दीड वर्ष झाले. अर्थात निरोप घेताना "येतो" म्हणून निघून जाणाऱ्या आपण मराठी माणसांनी याविषयी फार बोलू नये.

त्याच आजींना दिवाळीत चकल्यांचा डबा नेऊन दिला, तर त्या दोन्ही हात छातीशी नेत उद्गारल्या, "ओह, यू शुडन्ट हॅव!" तुम्ही हे करायला नको होते. मी दचकलो. त्यांना तेलकट वर्ज्य असेल, एखादे पथ्य असेल, असे वाटून क्षमा मागितली आणि डबा परत घेतला. पुढची काही सेकंदे त्या डब्याचे एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरे माझ्या हातात होते, आणि आम्ही दोघेही अतिशय सभ्यपणे ओढत होतो.

या सगळ्या धुक्यात मला एकच प्रामाणिक ग्रंथ भेटला, तो म्हणजे 1931 पासून निघत असलेले तिथल्या रस्त्यावरच्या नियमांचे पुस्तक, 'हायवे कोड'. त्यात जिथे कायद्याची सक्ती आहे, तिथे 'मस्ट' हा शब्द ठळक मोठ्या अक्षरांत छापतात. थांबण्याच्या पाटीपाशी रेषेमागे थांबणे हे 'मस्ट', पण गोल चौकात उजवीकडून येणाऱ्यांना आधी जाऊ देणे हे मात्र 'शुड'. म्हणजे त्या दिवशी मी बसच्या आडवा गेलो असतो, तर 'शुड'ला डावलून गेलो असतो. हे कळल्यावर मला क्षणभर हलके वाटले. मग पुढे वाचले, की 'शुड' मोडल्याबद्दल निव्वळ तेवढ्यावरून खटला होत नसला, तरी न्यायालयात ते तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाऊ शकते. या वाक्यात त्यांनी 'मे' योजला आहे, आणि 'मे' किती दुबळा आहे हे एव्हाना मला ठाऊक होते, म्हणून घाम फुटला.

थिअरीच्या परीक्षेत 50 पैकी 43 उत्तरे बरोबर यावी लागतात. पाठांतर ही आपली जुनी विद्या असल्यामुळे ते पार पडले, पण अभ्यासाच्या नादात मी या क्रियापदांची कुळेही धुंडाळली. 'मस्ट' हेच मुळात एका जुन्या क्रियापदाचे भूतकाळी रूप आहे. ते वर्तमानात येऊन बसले, म्हणून त्याला स्वतःचा भूतकाळ उरला नाही आणि 'हॅड टु'कडून उसना घ्यावा लागतो. 'कुड'मधला 'एल' तर पूर्वी नव्हताच. 'वुड' आणि 'शुड' यांच्यापाशी आहे म्हणून यालाही बहाल केला, आणि तेव्हापासून तो तोंडातून अवाक्षर न काढता हजेरीपटावर नाव राखून आहे. आमच्या जुन्या कचेरीत असे दोघे-तिघे होते.

या संगतीचा परिणाम घरात दिसू लागला. एका संध्याकाळी मी पत्नीला म्हणालो, "अगं, तू चहा करू शकशील का?" तिने मासिकातून डोके वर काढून माझ्याकडे नीट पाहिले. "शकते की. पंचवीस वर्षं शकतेय," ती म्हणाली, आणि पान उलटले. चहा मीच केला. तिला विचारले, घेणार का, तर ती म्हणाली, "आय वुडन्ट से नो." ती माझ्याआधी तयार झाली होती.

प्रत्यक्ष चाचणीच्या दिवशी परीक्षकबाईंनी एकही आज्ञा केली नाही. त्यांनी फक्त इच्छा व्यक्त केल्या. "आय वुड लाइक यू टु टर्न लेफ्ट." "आय वुड लाइक यू टु पुल अप." कोणे एके काळी त्यांना हे आवडले असते, असा अर्थ आता माझ्या मनाला शिवलाही नाही. अल्लाउद्दीनच्या दिव्यातल्या राक्षसाच्या तत्परतेने मी त्यांची प्रत्येक इच्छा पुरवली. किरकोळ चुका 15 पर्यंत माफ असतात. माझ्या नऊ झाल्या आणि मी उत्तीर्ण झालो.

आनंदाने माझे हात थरथरत होते. शिक्षकांनी हस्तांदोलन केले, माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, मग गाडीकडे पाहिले, आणि आभाळाकडे नजर लावून म्हणाले, "यू माइट वाँट टु लेट मी ड्राइव्ह बॅक." मी मनाचा तळ वगैरे काही ढवळला नाही. किल्ली त्यांच्या हातात दिली आणि मुकाट्याने डावीकडच्या दाराकडे वळलो.