‘33 वर्षं एकाच खात्यात’ आणि निष्ठेचा हिशेब

‘आमच्या वडिलांनी 33 वर्षं एकाच खात्यात काढली, कधी कुरकुर नाही. आजची पोरं दोन वर्षं टिकत नाहीत. ना निष्ठा, ना समाधान, नुसता पैसा हवा.’ हा मजकूर सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय, आणि खाली हात जोडणाऱ्यांची रांग.

आधी त्या 33 च्या आकड्याचं बघू. सरकारी नोकरीत पूर्ण पेन्शनला तेव्हा 33 वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी, सेवा लागायची. मधेच राजीनामा दिला, की आधीची सेवा पेन्शनच्या हिशेबातून बाद. वर क्वार्टरही सोडायचं. मग साहेबाशी पटो न पटो, कोण उठेल? निष्ठा असेलही, पण हिशेब नक्की होता. त्यात लाजण्यासारखंही काही नाही.

‘कुरकुर नाही’ हे मात्र धादांत खोटं. 1974 साली रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला. 1977-78 मध्ये महाराष्ट्राचे सरकारी कर्मचारी 54 दिवस संपावर होते. त्या दिवसांत किराणा कसा भरला, हे हात जोडणाऱ्यांनी घरात विचारावं. गिरणगावात बदली कामगार पाळीच्या वेळी गेटवर उभा राहायचा. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर आत, नाहीतर आल्या पावली घरी. या बदलीवाल्यांना कायम करा, ही 1982 च्या गिरणी संपातली एक मागणी होती.

पोरांना टिकायचं नसतं म्हणता? 2023 च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांवर, अर्ज दहा लाखांवर. तेही नोव्हेंबर 2005 नंतर लागणाऱ्यांना जुनी पेन्शन नाही हे माहीत असून. उरलेल्यांपैकी कित्येकांच्या हाती अकरा महिन्यांचं नियुक्तिपत्र, मग एक-दोन दिवसांचा खंड, की पुन्हा तेच पत्र. त्यांनी निष्ठा ठेवायची कोणावर, त्या खंडावर?

पैशाचं म्हणाल तर खरंच आहे. वर्षभर राबून मिळते जेमतेम इन्क्रिमेंट, आणि राजीनामा टाकला की तेच एचआर विचारतं, ‘किती हवेत?’

राहिलं समाधान. 2000-01 मध्ये सरकारी बँकांनी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना, आणली. पंधरा वर्षं सेवा किंवा चाळिशी पूर्ण असेल, तर एकरकमी पैसे घेऊन जाता येत होतं. सुमारे लाखभर माणसं बाहेर पडली. सगळी त्याच ‘टिकणाऱ्या’ पिढीतली.