"म्हणजे तू शाळेच्या बाजूची?"

इथे अमेरिकेत शाळेवर केस झाली की शाळेचा बचाव करणाऱ्या आमच्या ऑफिसातून पहिला फोन सुपरिंटेंडेंटला (गावातल्या शाळांचा मुख्य अधिकारी) जात नाही, प्रिन्सिपललाही नाही, तो जातो शाळेच्या आयटीवाल्याला. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग किती दिवस राहतं हो तुमच्याकडे? कोणी म्हणतं चौदा दिवस, कोणी तीस, एकजण म्हणाला "बघून सांगतो" आणि तो बघून सांगेपर्यंत आमचा जीव टांगणीला, कारण जुन्यावर नवीन चढत जातं आणि एकदा गेलं की गेलं. मग त्याच दिवशी लेखी पत्र, लिटिगेशन होल्ड म्हणतात त्याला, की आजपासून एकही ईमेल, एकही व्हिडिओ, टीचरच्या स्वतःच्या फोनवरचा शाळेबद्दलचा मेसेजसुद्धा डिलीट करायचा नाही. लोकांना वाटतं डिफेन्सवाले पुरावे लपवतात. अहो आमचा अर्धा दिवस पुरावे जपण्यात जातो, कारण मुद्दाम पुसलं असं एकदा जज्जला पटलं की तो ज्युरीला सांगू शकतो की जे पुसलं ते शाळेच्या विरोधातच होतं असं धरा. मग तुम्ही कितीही खरे असा, संपलं.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे मंडळाची कोजागिरी. मसाला दूध घेऊन उभी होते, एका काकूंनी विचारलं काय करतेस, मी म्हटलं लॉ फर्ममध्ये पॅरालीगल आहे, म्हणजे वकिलांची मदतनीस, नगरपालिका आणि शाळा चालवणारी स्कूल बोर्डं यांच्यावर सिव्हिल राइट्सच्या केसेस होतात त्यात आम्ही डिफेन्स करतो. काकूंनी पेला खाली ठेवला. "म्हणजे तू शाळेच्या बाजूची? पोरांच्या विरुद्ध?" मी हसून वेळ मारून नेली पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच. तर काकू, हे तुमच्यासाठी. (आणि मी वकील नाही, त्यामुळे कोणी इनबॉक्सात कायदेशीर सल्ला मागू नका प्लीज.)

काकूंचा प्रश्न काही अगदीच हवेतला नाही, हे आधी कबूल करते. आमच्या धंद्याचा पूर्वज कोण माहितीये? जॉन डेव्हिस. १९२४ साली डेमोक्रॅटिक पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला माणूस, त्याच्या काळातला देशातला सगळ्यात नावाजलेला वकील, आणि ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या वेळी (काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणारी केस) जवळजवळ ऐंशीच्या वयात साउथ कॅरोलायनातल्या काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा वाचवायला उभा राहिला. फी घेतली नाही. हरल्यावर त्या राज्याच्या विधिमंडळाने त्याला चांदीचा टी-सेट भेट दिला. समोर, काळ्या मुलांच्या बाजूने, होते थर्गुड मार्शल, जे पुढे १९६७ ला सुप्रीम कोर्टात जज्ज झाले. मला तो टी-सेट डोक्यातून जात नाही, चांदीचा, आणि कशासाठी तर.

पण त्याच केसमधली दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. कॅन्ससमधल्या ज्या टोपिका शहराच्या बोर्डाचं नाव त्या निकालाला लागलंय ना, त्या बोर्डाला शेवटी शेवटी केस लढवायची इच्छाच उरली नव्हती, त्यांनी स्वतःच वेगळ्या शाळा बंद करायचं ठरवलं होतं, आणि कॅन्सस राज्याला शेवटी आपला एक सरकारी वकील (असिस्टंट अ‍ॅटर्नी जनरल) पाठवावा लागला. उलट व्हर्जिनियात प्रिन्स एडवर्ड काउंटीने निकालानंतर काय केलं, तर १९५९ ते १९६४ सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या. पाच वर्षं! म्हणजे लढायचं का, किती लढायचं, कुठे थांबायचं, हे बोर्ड ठरवू शकतं आणि त्याच्या कानाशी बसलेला माणूस त्याला काय सांगतो यावर बरंच काही ठरतं. माझं सगळं म्हणणं या एका जागेपाशी आहे. डिफेन्स लागतोच. पण चांगला डिफेन्स म्हणजे दर वेळी जिंकून देणं नव्हे, पहिल्या महिन्यात फाइल वाचून "ही आपण चुकलोय" असं तोंडावर सांगणं हेही त्यातच येतं, नव्हे मुख्य तेच.

आता लागतो कशाला हे सांगते. न्यू जर्सीत ५६४ नगरपालिका आहेत आणि शाळांचे डिस्ट्रिक्ट जवळजवळ ६००. एवढ्याशा राज्यात! यातली कित्येक इतकी छोटी की बोर्डावर बसलेली माणसं म्हणजे आपलेच शेजारी, कोणी डेंटिस्ट, कोणी रिटायर्ड पोस्टवाला, पगार शून्य, मीटिंग रात्री अकरापर्यंत. केस हरली की पैसा येतो तो इन्शुरन्स पूलमधून, म्हणजे अनेक गावांच्या सामायिक विम्यातून, आणि पूलचा हप्ता वाढला की तो येतो प्रॉपर्टी टॅक्समधून, जो आपण दर तीन महिन्यांनी शिव्या देत भरतो. प्रत्येक तक्रार खरी असते असंही नाही. मी अशी एक केस बघितलीये जिच्यात बुलिंग झालंच नव्हतं, दोन पालकांचं आपसातलं पार्किंगवरून भांडण होतं आणि दोन पोरं त्यात ओढली गेली, टीचरला आठ तास डिपॉझिशनमध्ये (कोर्टाबाहेर वकील घेतात ती शपथेवरची जबानी) बसावं लागलं, ती बाई नंतर वर्षभर रजेवर. तिच्या बाजूने कोणी बसायला नको?

आमचे बाबा गावाकडे नगरपालिकेत वसुली क्लार्क होते. पॅनेलवरच्या वकिलाकडे फायली पोचवायचं काम त्यांच्याकडे. ते म्हणायचे, नगरपालिका केस हरली तर कुणाच्या खिशातून जात नाही, म्हणून कुणाची झोप उडत नाही. मला वाटायचं हे आपल्याकडचंच. इथे येऊन कळलं की इथेही तेच. जोआना श्वार्ट्झ नावाच्या लॉ प्रोफेसरचा २०१४ चा अभ्यास आहे, पोलिसांवरच्या सिव्हिल राइट्स केसेसमध्ये लोकांना मिळालेल्या ७३ कोटी डॉलरपेक्षा जास्त रकमेतला स्वतः पोलिसांनी भरलेला वाटा किती, तर ०.०२ टक्के. बाबांना फोनवर सांगितलं तर हसले नुसते.

थोडा कायदा सांगते, कंटाळा आला तर खाली उतरा. या केसेस ज्यावर चालतात त्याला कलम १९८३ म्हणतात, ते साल नाही हं, कलमाचा नंबर आहे, कायदा आहे १८७१ चा, कु क्लक्स क्लॅनच्या धुमाकुळाला आवर घालायला ग्रँट राष्ट्राध्यक्ष असताना केलेला. सरकारी अधिकाराच्या जोरावर कोणा "व्यक्तीने" तुमचे घटनेतले हक्क मोडले तर तिच्यावर दावा करता येतो. मग प्रश्न आला, शहर ही व्यक्ती आहे का? १९६१ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं नाही. पहाटे शिकागोच्या पोलिसांनी एका काळ्या कुटुंबाच्या घरात घुसून सगळ्यांना दिवाणखान्यात नागडं उभं केलं होतं, ती केस. पोलिसांवर दावा करा, शहरावर नको. १९७८ मध्ये मोनेल केसमध्ये कोर्टाने स्वतःचंच म्हणणं फिरवलं. न्यूयॉर्क शहर आणि तिथलं शिक्षण मंडळ गरोदर बायकांना डॉक्टरांनी सांगायच्या कितीतरी आधी बिनपगारी रजेवर घालवायचे, त्या बायकांनी ही केस लढवली. कोर्ट म्हणालं शहर, स्कूल बोर्ड हे "व्यक्ती"त धरायचे, पण एक अट, नोकर चुकला म्हणून मालक आपोआप अडकणार नाही, चूक शहराच्या धोरणातून किंवा वहिवाटीतून आलेली पाहिजे.

वहिवाट! बाबांच्या ऑफिसातला शब्द. आमचं अर्धं करिअर या एका शब्दावर चाललंय. "हे आमचं धोरण नव्हे, त्या एका माणसाने केलं", कोर्टातल्या आमच्या प्रत्येक मोशनमध्ये, म्हणजे अर्जात, हे वाक्य कुठल्या ना कुठल्या वेशात असतंच.

आणि इथे मी आमच्याच ऑफिसच्या विरुद्ध बोलणार आहे (पार्टनर मराठी वाचत नाही, निवांत आहे). हा धोरण-वहिवाटीचा नियम जायला पाहिजे. कुरिअरच्या ड्रायव्हरने तुमच्या गाडीला ठोकलं तर कंपनी भरते, कंपनीला असं म्हणता येत नाही की ठोकणं हे आमचं धोरण नव्हतं. मग शहराला का म्हणता यावं? न्यू ऑर्लिन्सच्या जॉन थॉम्प्सनचं बघा. सरकारी वकिलांनी त्याच्या फायद्याचा रक्ताचा लॅब रिपोर्ट दाबून ठेवला, माणूस १८ वर्षं तुरुंगात, त्यातली १४ फाशीच्या कोठडीत, फाशीला काही आठवडे राहिले असताना त्याच्या बाजूच्या तपासनीसाला तो रिपोर्ट सापडला. ज्युरीने १४ मिलियन डॉलर दिले. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने ते काढून घेतले, का, तर सरकारी वकिलांच्या ऑफिसने आपल्या माणसांना ट्रेनिंग दिलं नाही हे दाखवायला अशा चुकांची रांग दाखवायला हवी, एकाने भागत नाही. डिफेन्स म्हणून बघाल तर जबरदस्त काम. मी तो निकाल ऑफिसात वाचला आणि खाली जाऊन पार्किंग लॉटला एक चक्कर मारून आले.

म्हणून मला कायद्यातली जी दुसरी गोष्ट आवडते ती म्हणजे फी. १९७६ पासून नियम आहे की या केसेसमध्ये तक्रारदार जिंकला तर त्याच्या वकिलाची फीसुद्धा शहराने भरायची. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला १९७५ मध्ये पोलिसांनी वॉरंट नसताना एका घरातली पार्टी उधळली. नुकसानभरपाई ठरली ३३,३५० डॉलर, वकिलांची फी २,४५,४५६ डॉलर आणि वर २५ सेंट. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती फी कायम ठेवली. हा आकडा मी आमच्या एका इन्शुरन्स अ‍ॅडजस्टरला (विम्याकडून दाव्यांचं बघणारा माणूस) चिठ्ठीवर लिहून दिला होता. "आधी मोशन टाकू, मग बघू" म्हणणारी माणसं अशाने जरा गप्प होतात.

आणि जास्त ताणलं की काय होतं त्याचं ताजं उदाहरण म्हणजे मिनेसोटाची केस, जून २०२५. एका मुलीला एपिलेप्सी, सकाळी झटके येतात म्हणून दुपारपर्यंत शिकताच येत नाही, आधीच्या राज्यातली शाळा संध्याकाळी घरी शिकवायची, नवीन शाळा नाही म्हणाली. त्यांचा बचाव काय, तर दिव्यांग मुलांनी शाळेवर केस करताना शाळेने वाईट हेतूने किंवा घोर चूक केली हे सिद्ध करायला पाहिजे. बाकीच्या दिव्यांगांना ही अट नाही, फक्त शाळेतल्या पोरांना. सुप्रीम कोर्टात शाळेच्या वकिलांनी त्यापुढे जाऊन म्हटलं की ही अट मग सगळ्यांनाच लावा! समोरच्या वकिलांना खोटारडे ठरवलं म्हणून न्यायमूर्ती गोर्सच यांनी त्यांना भर कोर्टात झापलं. निकाल ९-०, शाळेच्या विरुद्ध. सकाळऐवजी संध्याकाळी दोन तास शिकवायला किती खर्च आला असता हो?

लगेच कोणीतरी लिहील की माफी मागितली की झालं. तसंही नाही. अलाबामात मॅडिसन गावात २०१५ ला नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे गुजराती आजोबा आठवतात? मुलाच्या घराबाहेर फिरत होते, शेजाऱ्याने फोन केला, इंग्लिश येत नव्हतं, पोलिसाने पाय मारून पाडलं, मणक्याला इजा. पोलीस चीफने माफी मागितली, गव्हर्नरने मागितली. तरी त्या पोलिसाच्या खटल्यात दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही, मग जज्जने त्याला सोडला, आणि सिव्हिल केस सेटल व्हायला २०२१ उजाडलं, १.७५ मिलियनला. नातू त्यावेळी मांडीवर होता, तो शाळेत जायला लागला.

शेवटी एक आमच्याकडची. ओळख पटू नये म्हणून तपशील फिरवलेत. सात वर्षांचा मुलगा, बोलत नाही, स्पेशल एज्युकेशनच्या बसने जातो. आई म्हणते बसमध्ये काहीतरी होतंय, तो घरी येऊन पट्ट्यांकडे बोट दाखवतो. सहा दिवसांचा व्हिडिओ वेळेत वाचला होता, तो बघून मिनिटा-सेकंदाची नोंद करायचं काम माझ्याकडे. निळे वेल्क्रोवाले बूट. चौथ्या दिवशी ७:४२ ला बसमधली एड, म्हणजे मुलांची मदतनीस, त्याचा एक बूट काढून पुढच्या सीटवर टाकते, हार्नेस (सीटला बांधायचे पट्टे) दोन भोकं जास्त ओढते आणि फोन बघत बसते. शाळेपर्यंत अठरा मिनिटं. मी ती अठरा मिनिटं तीनदा बघितली कारण नोंद बरोबर व्हायला पाहिजे. आमच्या वकिलाने एकदाच बघितली आणि त्याच दुपारी इन्शुरन्सला लिहिलं की ही लढवू नका. तरी चौदा महिने लागले.

स्कूल बोर्डाच्या अजेंड्यावर ते सेटलमेंट दुधाचं टेंडर आणि ट्रॅकच्या कोचची नेमणूक यांच्यामधे होतं, एका ओळीत, "कोणतंही दायित्व मान्य न करता". हात वर झाले, मंजूर. मग पब्लिक कमेंट, म्हणजे लोकांनी बोलायची वेळ. आई उठून माइकवर गेली, तीन मिनिटं असतात, तिने वीस सेकंदही घेतली नसतील. नवीन बसवर एड कोण आहे, तिला हार्नेस लावायचं शिकवलंय का, एवढंच विचारलं. सुपरिंटेंडेंटने आधी आमच्या वकिलाकडे बघितलं. वकिलाने मान हलवली, तेव्हा त्यांनी नाव सांगितलं.