मावशीनं पाठवलेल्या मेसेजला माझं उत्तर

परवा रात्री साडेदहाला मावशीनं घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, "अगदी खरं आहे." मावशी नंदनवनला राहते. शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण आलेलं काहीही ती नीट वाचल्याशिवाय पुढं पाठवत नाही. तिनं पाठवला म्हणून गप्प बसवलं नाही. हाच मेसेज महिनाभरात माझ्याकडे चौथ्यांदा आला आहे आणि आता माझा धीर संपला.

मेसेज थोडक्यात असा: "नागपूरकरांनो, जागे व्हा! आरोपी चार दिवसांत जामिनावर बाहेर येतो. जेलमध्ये जावयासारखा राहतो. तारखांवर तारखा पडतात आणि शेवटी सुटतो. हैदराबादच्या पोलिसांनी 2019 मध्ये करून दाखवलं, आपल्या नागपूरच्या बायकांनी 2004 मध्ये करून दाखवलं. पोलिसांना मोकळीक द्या, कोर्टाची गरजच उरणार नाही. सहमत असाल तर दहा जणांना पाठवा."

मी अठरा वर्षांपासून नागपूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो आहे. यातलं बरंचसं मी रोज समोर पाहतो, म्हणून मावशीला फोनवर सांगितलं ते इथं लिहून ठेवतो.

जामिनाचं लवकर आटोपतो. जामीन म्हणजे सुटका नव्हे. खटला चालूच राहतो, पेशीला हजर राहावं लागतं, चुकलं तर वॉरंट निघतं. खुनाच्या किंवा बलात्काराच्या गुन्ह्यात चार दिवसांत जामीन झालेला मी एकदाही पाहिला नाही. पोलिसांनी साठ किंवा नव्वद दिवसांच्या मुदतीत दोषारोपपत्रच दाखल केलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, हे खरं. पण मग प्रश्न तपास करणाऱ्याला विचारायला हवा.

जेलमधल्या जावयाबद्दल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशातल्या तुरुंगांची क्षमता 4,36,266 आहे आणि आत माणसं होती 5,73,220. त्यातले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. शंभरातले जवळपास शहात्तर. वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहाबाहेर मुलाकातीच्या दिवशी अर्धा तास उभं राहावं आणि पिशव्या घेऊन आलेल्या आया-बायकांचे चेहरे पाहावेत. माझ्या एका अशिलाला मोबाइल चोरीच्या गुन्ह्यात पंधरा हजारांचा जामीन मंजूर झाला होता. जामीनदार मिळेना. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आईकडे ना टॅक्सची पावती, ना सातबारा. आदेश हातात असून पोरगा आत राहिला. असं इतक्यांचं होतं की 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं: जामीन होऊनही सात दिवसांत कैदी बाहेर आला नाही तर तुरुंग अधीक्षकानं विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे गरिबांना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेला, कळवावं. पैसेवाल्या गुंडांना आत सवलती मिळतात का? मिळतात, त्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. पण त्यांच्यासाठी या चार लाखांना जावई म्हणायचं?

आता ज्या ओळीनं मला झोप लागली नाही ती. "हैदराबादच्या पोलिसांनी करून दाखवलं."

काय करून दाखवलं? नोव्हेंबर 2019 मध्ये एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाली. ऐकूनच अंगावर काटा यावा असा गुन्हा. चौघांना पकडलं आणि 6 डिसेंबरच्या पहाटे चौघंही पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, आपल्या विदर्भातले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली केलेले. मे 2022 मध्ये अहवाल बाहेर आला. आरोपींनी पिस्तुलं हिसकावून गोळ्या झाडल्या ही पोलिसांची कहाणी आयोगाला विश्वासार्ह वाटली नाही. गोळ्या मारण्याच्या हेतूनंच झाडल्या गेल्या असा निष्कर्ष काढून त्यांनी दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवण्याची शिफारस केली. चौघांपैकी तिघं अल्पवयीन होते, असंही अहवालात आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं: गुन्हा त्याच चौघांनी केला का, हे कोणत्याही कोर्टात कधी तपासलं गेलं नाही आणि आता तपासता येणारही नाही. 2024 मध्ये बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत मारला गेला तेव्हाही असाच जल्लोष झाला. पुढं दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांना त्या मृत्यूसाठी जबाबदार धरलं गेलं.

मावशी म्हणाली, "काहून रे, पण तेच असतील तर?" हे "असतील" आपल्याच महाराष्ट्रात किती महागात पडलं ते तिला सांगितलं.

जून 2003. नाशिकजवळ एका शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचा खून, बायकांवर अत्याचार. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना अटक झाली. 2006 मध्ये सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. आणि 5 मार्च 2019 ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जण निर्दोष असल्याचा निकाल दिला. वाचलेल्या बाईनं घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधल्या फोटोंवरून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांना कधी पकडलं नाही, त्यांचा तपास झाला नाही. या सहा जणांची सोळा वर्षं गेली, त्यातली बरीचशी डोक्यावर फाशी घेऊन. त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकाला पाच लाख भरपाई द्यायला कोर्टानं राज्य सरकारला सांगितलं.

इथं कोर्टंही चुकली, देशातलं सगळ्यात वरचं कोर्टही चुकलं. ते मी झाकत नाही. पण ती माणसं जिवंत होती म्हणून चूक दुरुस्त करता आली. मेसेजमध्ये मागितली आहे तशी मोकळीक 2003 मध्ये पोलिसांना असती, तर सहा गरीब मजूर त्याच आठवड्यात मेले असते, आपण फुलं उधळली असती आणि खरे दरोडेखोर कोण हा प्रश्नही कोणाला पडला नसता.

राहिलं मेसेजमधलं 2004 चं नागपूर, म्हणजे कस्तुरबानगर वस्ती. 13 ऑगस्ट 2004 ला नागपूरच्या कोर्टात तिथल्या बायकांच्या जमावानं अक्कू यादव या गुंडाला ठार मारलं. मी त्या बायकांना दोष द्यायला बसलेलो नाही. वर्षानुवर्षं त्यानं वस्तीत बलात्कार केले, खंडण्या घेतल्या, दहशत बसवली. बायका तक्रारी घेऊन ठाण्यात जायच्या आणि हात हलवत परत यायच्या. तो पुन्हा सुटून येईल या भीतीनं त्यांनी ते केलं. पण "करून दाखवलं" म्हणणाऱ्यांनी पुढचंही सांगावं. वस्तीतल्या कितीतरी जणांवर खुनाचा खटला चालला आणि 2014 मध्ये पुराव्याअभावी ते निर्दोष सुटेपर्यंत दहा वर्षं गेली. वेळेवर गुन्हा नोंदवून नीट तपास झाला असता तर त्यांना हे काहीच करावं लागलं नसतं. जमावाच्या हातात न्याय दिला की दरवेळी समोर अक्कूच असतो असंही नाही. 2018 मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना ठेचून मारलं. ती अफवाही अशाच एका मेसेजनं पसरली होती.

तारखांचं मान्य आहे. नाइलाजानं, पण पूर्ण मान्य आहे. साक्षीदार आला तर न्यायाधीश साहेब रजेवर, साहेब आले तर मुद्देमाल नाही, हे माझ्या रोजनाम्यात दर आठवड्याला असतं. आणि पोलीस तक्रार घेत नाहीत, हेही खरं. मावशीचा राग तिथूनच आलेला आहे.

गेल्या दिवाळीत सकाळी फिरायला गेलेली असताना दोघांनी मोटरसायकलवरून येऊन तिची पोत तोडून नेली. ठाण्यात तिच्याकडून साधा अर्ज लिहून घेतला आणि "कळवतो" म्हणून घरी पाठवलं. हिसकावून चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत त्यासाठी 304 हे वेगळं कलम आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पोत गेल्याचं तिनं तेव्हाच मला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. "तुला कशाला त्रास" म्हणून तिनं सांगितलं नाही.

फोनवर बोलता बोलता तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. महिन्याभरानं तिला ठाण्यात बोलावून दुसऱ्या प्रकरणात पकडलेल्या एका पोराचा फोटो मोबाइलवर दाखवला होता. "हाच होता का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, असेल. बांधा तसाच होता. पण हेल्मेट होतं रे त्याच्या डोक्यावर."

थोडा वेळ दोघंही बोललो नाही. मग तिनंच विचारलं, "त्या पोराचं काय झालं असेल रे पुढं?"

ग्रुपवरचा मेसेज तिनं रात्रीच काढला. सोमवारी अकरा वाजता मी तिला घेऊन पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयात जातो आहे, नव्यानं लिहिलेली तक्रार आणि जुन्या अर्जाची पोचपावती घेऊन. तिथंही नोंद झाली नाही तर दंडाधिकाऱ्यांपुढं अर्ज करू. तक्रारीत तिनं स्वतःच्या हातानं एक ओळ घातली आहे: "चेहरा मला दिसला नाही."